सोलेनॉइडचा कोड आला तर गिअरबॉक्स उघडायच्या आधी काय काय मोजायचं

तासगावच्या एका भाऊंनी विचारलंय, थोडक्यात असं. पेट्रोल सेडान आहे, ६ गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद क्लचऐवजी तेलातनं गिअरबॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक, ऐंशी हजाराच्या पुढं पळालेली. सांगली-मिरज करताना काही त्रास नाय. कासच्या सिझनला साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढताना गाड्यांच्या रांगेत अडकले, वर पोचेपर्यंत दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसायला लागला, मग गाडी एकाच गिअरमधे अडकली आणि चेक लाईट लागला. अर्धा तास बंद ठेवून चालू केली तर परत सरळ. स्कॅनरवर दोन कोड, पी०७५८ आणि पी०७३३. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं गिअरबॉक्स गेला, दीड लाख धरा. दुसरा म्हणाला सोलेनॉइडचा सेट ऑनलाइन मागवा, मी टाकून देतो. तर मेस्त्री, कुणाचं ऐकू?

सध्या दोघांचंही ऐकू नका. दोघांनी मीटर लावलेला नाय हे तुमच्या लिहिण्यावरनंच कळतंय, कारण कुणी किती ओहम (तारेचा रेझिस्टन्स, म्हणजे विरोध) आले ते सांगितलंच नाय. ह्या कामात पैसे वाया जातात ते न मोजता पार्ट टाकण्यात. सोलेनॉइड खराब असेलही, पण कोडमधे सोलेनॉइडचं नाव आलं म्हणून सोलेनॉइडच खराब असं होत नाय, त्या वायरच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही गडबड असली तरी तोच कोड पडतो.

आधी हे सोलेनॉइड करतंय काय ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधे गिअर हातानं सरकत नाहीत, आत क्लच प्लेटांचे पॅक असतात आणि कुठला पॅक दाबायचा ते तेलाचं प्रेशर ठरवतं. ते तेल ज्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून फिरतं ती व्हॉल्व्ह बॉडी, आणि तिच्यातलं तेल हिकडं सोडायचं का तिकडं हे सोलेनॉइड ठरवतं. उसाला पाणी पाजताना आपण दारं धरतो, ह्या सरीचं मोडलं त्या सरीचं बांधलं, तेच काम हे करतंय, फक्त फावड्याच्या जागी तांब्याच्या तारेची कॉइल आणि आत बोटाच्या पेरासारखा छोटा प्लंजर. कॉइलला करंट मिळाला की प्लंजर ओढला जातो, करंट गेला की स्प्रिंग त्याला परत ढकलते. काही सोलेनॉइड नुसती चालू-बंद असतात, काहींना कॉम्प्युटर करंट कमीजास्त देऊन प्रेशर कमीजास्त करतो, त्यांना लिनिअर म्हणतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढं टेस्ट करताना लागणार आहे.

आता कोड. पी०७५० ते पी०७५४ हे सोलेनॉइड ए चे, ०७५५ ते ०७५९ बी चे, ०७६० पासून सी, ०७६५ पासून डी, ०७७० पासून ई. आणि प्रत्येक पाचाच्या गटात क्रम तोच असतो. पहिला कोड मोघम, दुसरा म्हणजे सोलेनॉइड नीट काम करत नाय किंवा बंद अवस्थेत अडकलंय, तिसरा चालू अवस्थेत अडकलंय, चौथा इलेक्ट्रिकल फॉल्ट, पाचवा अधनंमधनं येणारा फॉल्ट. म्हणजे तुमचा ०७५८ हा बी सोलेनॉइडच्या सर्किटमधला इलेक्ट्रिकल फॉल्ट झाला. कॉम्प्युटरनं करंट पाठवला आणि तो पाहिजे तसा गेला नाय, एवढंच त्यानं बघितलंय. तेल, प्लेटा, प्रेशर ह्यातलं काहीच त्यानं ह्या कोडसाठी तपासलेलं नाय. ०७५६ आला असता तर गोष्ट वेगळी, तिथं वायरिंग ठीक असून आत काहीतरी अडकलंय किंवा झिजलंय असा संशय घ्यायचा. बऱ्याच गॅरेजमधे स्कॅनरवर "शिफ्ट सोलेनॉइड बी" एवढंच वाचतात आणि शेवटच्या आकड्याकडं बघतच नाहीत, आणि तिथंच निम्मं निदान बुडतं.

दुसरा कोड पी०७३३ म्हणजे तिसऱ्या गिअरचा रेशो चुकला. ०७३१ पहिल्याचा, ०७३२ दुसऱ्याचा असं ते चालतं. हा कोड बघूनच पहिल्यानं गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं असणार. पण रेशो चुकतो दोन प्रकारे, आणि त्या दोघातला फरक साध्या लाईव्ह डेटावरनं कळतो.

गिअरबॉक्सला एक सेन्सर आत येणाऱ्या शाफ्टचा स्पीड मोजतो, दुसरा बाहेर जाणाऱ्याचा. आतल्याला बाहेरच्यानं भागलं की रेशो. आयसिनच्या ०९जी ह्या ६ गिअरच्या बॉक्सचे रेशो ४.१४८, २.३७०, १.५५६, १.१५५, ०.८५९, ०.६८६ असे आहेत, उदाहरणाला तो घेऊ, तुमच्या गाडीचे आकडे तिच्या मॅन्युअलमधनं घ्या. समजा आउटपुट १५०० आरपीएम आहे आणि कॉम्प्युटरनं तिसरा मागितलाय. इनपुट २३३४ च्या आसपास दिसला तर तिसरा खरंच लागलाय. इनपुट ३५५५ दिसला आणि तिथंच स्थिर राहिला तर भागाकार २.३७० येतो, म्हणजे बॉक्स अजून दुसऱ्यातच बसलाय, नीट घट्ट बसलाय, फक्त तिसऱ्यात जायचा हुकूम त्याला पोचला नाय. हा सोलेनॉइडचा, वायरचा किंवा व्हॉल्व्हचा विषय. पण इनपुट २७००, २९००, २६०० असं भरकटतोय, रेशो कुठल्याच गिअरशी जुळत नाय आणि अॅक्सिलरेटर दाबला की वाढतोय, तर प्लेट घसरतीय. मग मात्र गिअरबॉक्स उघडायच्या गोष्टी चालू करायच्या, आणि तेव्हासुद्धा आधी प्रेशर कमी का आहे ते बघायचं. ही टेस्ट करायला एक माणूस गाडी चालवायला आणि एक स्कॅनर धरायला पुरतो, पान्याला हात लावायला लागत नाय. तुम्ही स्वतः चालवता चालवता स्क्रीनकडं बघत बसू नका म्हणजे झालं.

हुकूम न पोचल्यावर काय होतं त्याचं एक उदाहरण देतो, कारण गिऱ्हाईक येऊन जे वर्णन करतं त्यावरनं भलताच अंदाज बांधला जातो. टोयोटाचा जुना ४ गिअरचा ए३४० घ्या. गिअर बदलायला त्याला दोनच सोलेनॉइड. पहिल्या गिअरला एक नंबर चालू, दोन नंबर बंद. दुसऱ्याला दोन्ही चालू. तिसऱ्याला एक बंद, दोन चालू. चौथ्याला दोन्ही बंद. आता दोन नंबरचं मेलं असं धरा. पहिला नीट मिळतो. दुसरा मागितला की एक चालू आणि दोन बंद, म्हणजे पहिलाच राहिला. तिसरा मागितला की दोन्ही बंद, म्हणजे एकदम चौथा. गिऱ्हाईक येऊन सांगतं की गाडी पहिल्यातनं सुटतच नाय, नुसती बोंबलतीय, आणि मग एकदम दम गेल्यासारखी होतीय. ऐकणारा म्हणतो प्लेटा गेल्या. प्लेटा ठणठणीत असतात हो. म्हणून प्रत्येक गिअरबॉक्सचा असा तक्ता मॅन्युअलमधे असतो तो काढून समोर ठेवायचा आणि गाडीला कुठले गिअर मिळतात आणि कुठले नाय ते त्याच्याशी जुळवायचं. निम्म्या वेळा बोनेट उघडायच्या आधीच कळतं कुठलं सोलेनॉइड.

एकाच गिअरमधे अडकण्याचं घाबरू नका, ते कॉम्प्युटर मुद्दाम करतो. सर्किट बिघडलंय कळलं की तो सगळ्या सोलेनॉइडचा करंट तोडतो आणि बॉक्स नुसत्या तेलावर जो गिअर मिळेल त्यात राहतो, कुणाचा तिसरा, कुणाचा चौथा. ह्या अवस्थेत प्रेशर सांभाळणाऱ्या सोलेनॉइडचाही करंट गेलेला असतो म्हणून प्रेशर पूर्ण चढतं, आणि न्यूट्रलमधनं डी किंवा आर ला टाकलं की धाडकन बसतं. ह्या अवस्थेला लिंप मोड म्हणतात, तो दणका आजाराचा नाय, त्या मोडचा आहे. उलट त्यातनं एक चांगली गोष्ट कळते. त्या अवस्थेत रिव्हर्स नीट लागतो का आणि तो एक गिअर घसरल्याशिवाय ओढतो का, हे दोन्ही हो असेल तर पंप, मेन प्रेशर आणि तेवढ्या गिअरला लागणाऱ्या प्लेटा जिवंत आहेत.

आता मोजायला कुठनं सुरुवात करायची? बॅटरीपासनं. हसू नका. कोड पडताना फ्रीझ फ्रेममधे व्होल्टेज, तेलाचं टेंपरेचर, स्पीड असं साठवलेलं असतं, ते आधी बघा, आणि बघायच्या आधी कोड पुसू नका. तुमच्या दुसऱ्या मेस्त्रीनं कोड पुसून दिला असेल तर तो पुरावाच गेला. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट पाहिजेत. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं गिअरबॉक्सच्या बॉडीला लावा, हेडलाईट, एसी, ब्लोअर सगळं चालू ठेवून. ०.१ व्होल्टपर्यंत चालतंय, ०.२ च्या वर गेलं की अर्थची पट्टी काढून, घासून, परत आवळा. कोरेगावकडची एक गाडी आमच्याकडं अशीच आली होती, दोन ठिकाणी सोलेनॉइड बदलून झालेलं, आणि बॅटरी बदलताना कुणीतरी अर्थचा बोल्ट नुसता हातानं फिरवून सोडलेला.

त्यानंतर वायरिंग डोळ्यानं बघा. आडव्या इंजिनच्या गाड्यांत गिअरबॉक्सचा कपलर (वायरींचा जोड) बहुतेक बॅटरीच्या ट्रेखाली किंवा एअर फिल्टरच्या डब्याखाली असतो आणि ती जागा उंदरांना लई आवडते, उबदार आणि कुणाची नजर न जाणारी. आपल्याकडं ऊस तोडणीच्या दिवसात फडातले उंदीर घरांकडं आणि गाड्यांकडं येतात तेव्हा वायरी खाल्लेल्या गाड्या रांगेनं यायला लागतात. वायर पूर्ण तुटलेली असेल तर बरं, लगेच सापडते. इन्सुलेशन तेवढं कुरतडलेली असेल तर गाडी गरम होऊन लोम, म्हणजे वायरींचा जुडगा, हलला की ती बॉडीला टेकते आणि मग असा कधी आहे कधी नाय फॉल्ट येतो. दुसरं म्हणजे वॉशिंग सेंटरवर बोनेट उघडून प्रेशरनं पाणी मारलेलं असतं, तेही विचारून घ्या.

कपलर काढा, इग्निशन बंद आणि बॅटरीची निगेटिव्ह काढल्यावरच. आत बघा. हिरवट पिना असतील तर पाणी गेलंय. लालसर तेल असेल तर गिअरबॉक्सचं तेल आतल्या सीलमधनं पिनेतनं वर आलंय. हे तेल तारेच्या बारीक धाग्यांतनं चढत चढत पार कॉम्प्युटरच्या प्लगपर्यंत जातं, मर्सिडीजच्या ५ गिअरच्या ७२२.६ मधे हा आजार जगजाहीर आहे. तिथं कपलरचं सील बदलायचं, दोन्ही टोकं कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुवायची, आणि वाळवून मग पुढचं मोजायचं. कपलरच्या फिमेल पिनेत मीटरची जाड सळई खुपसू नका, पीन फाकते आणि नवीन फॉल्ट तुम्हीच तयार करता, बारीक पीन वापरा किंवा मागच्या बाजूनं घाला.

आता ओहम, हे सगळ्यात महत्त्वाचं. चालू-बंद सोलेनॉइड बऱ्याच टोयोटा-आयसिन बॉक्समधे २० डिग्रीला ११ ते १५ ओहम दाखवतं, लिनिअर ५ ते ६ ओहमच्या आसपास. तुमच्या गाडीचा नेमका आकडा आणि कुठली पीन बी सोलेनॉइडची, हे मॅन्युअलमधनंच घ्यायचं, अंदाजानं नाय. मीटरच्या दोन सळया एकमेकीला टेकवून किती दाखवतंय ते आधी बघा, ०.३ वगैरे येईल, तेवढे वजा करा, ५ ओहमच्या कॉइलला तेवढ्यानं फरक पडतो. आणि मोजायला सुरुवात कॉम्प्युटरच्या प्लगपासनं करा. तिथनं मोजलं की वायर, कपलर, आतलं हार्नेस, कॉइल असं सगळं एका दमात मोजलं जातं. तिथं बरोबर आलं आणि वायर हलवूनही आकडा हलत नसला तर सध्यापुरतं हे सगळं ठीक. चुकलं तर गिअरबॉक्सच्या कपलरवर परत मोजा, इथं बरोबर आणि तिथं चूक म्हणजे मधली वायर, इथंही चूक म्हणजे फॉल्ट बॉक्सच्या आत.

मग बॉडीला शॉर्ट आहे का बघायचं, एक सळई पिनेला आणि एक बॉक्सच्या बॉडीला. दोन वायरींचं सोलेनॉइड असेल तर मीटरनं ओपन दाखवलं पाहिजे. पण एकच वायर येणारं सोलेनॉइड असतं ते अर्थ बॉडीतनंच घेतं, तिथं कॉइलचा आकडाच दिसणार, त्याला शॉर्ट समजू नका. ह्यावर लोकांची भांडणं झालेली बघितलीत मी.

तुमच्या केसमधे हे सगळं थंड गाडीवर केलं तर सगळं ओके येणार, हे मी आत्ताच लिहून देतो. कारण गाडी थंड असताना चालतीयच की. फॉल्ट गरम झाल्यावर येतोय तर मोजायचंही गरम असतानाच. तांब्याचा ओहम टेंपरेचरबरोबर वाढतोच, दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के. म्हणजे २० डिग्रीला १३ ओहमची चांगली कॉइल ९० डिग्रीला साडेसोळाच्या आसपास दाखवणार, ५.३ वाली पावणेसातच्या आसपास. एवढी वाढ बरोबर आहे, त्याला खराब म्हणायचं नाय. खराब कॉइल गरम झाल्यावर एकदम ओपन होते किंवा आकडा नाचायला लागतो, आतली तार कुठंतरी तुटून नुसती टेकलेली असते आणि गरम झाली की सुटते. उलट गरम झाल्यावर आकडा कमी झाला तर तारेचं इनॅमल जळून आतल्या आत फेरे एकमेकाला चिकटलेत. गाडी घाटात नेऊन लिंप मोडला आणायची, खाली न येता तिथंच सपाट जागा बघून थांबायचं, बंद करायची आणि पाच मिनिटांच्या आत कपलर काढून मोजायचं. अर्धा तास थांबलात तर तुमची गाडी बरी होते, हे तुम्हीच लिहिलंय. एक्झॉस्ट जवळ असेल तर हाताला जपा.

घाटातच का होतं तेही सांगतो. रांगेत हळूहळू चढताना टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाय, आतलं तेल नुसतं घुसळत राहतं, आणि ती सगळी ताकद उष्णतेत जाते, वर गाडीला वारा नाय. खंबाटकी चढताना स्पीड असतो म्हणून तिथं एवढं तापत नाय, पण यवतेश्वर किंवा सुट्टीतला पसरणी घाट लायनीतनं चढला की तापणारच. अशा ठिकाणी मॅन्युअल मोडला टाकून पहिला-दुसरा धरून चढा, आणि लांब थांबणं असेल तर न्यूट्रल करा. रेडिएटर आणि त्याच्यापुढच्या कूलरच्या जाळीत पाचटाचा भुगा आणि धूळ बसलेली असते ती मागच्या बाजूनं हलक्या पाण्यानं काढा.

इलेक्ट्रिकल सगळं बरोबर आलं, गरम असतानाही, तर दोन गोष्टी राहतात, कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर (सोलेनॉइडला करंट देणारं आतलं सर्किट) आणि गिअरबॉक्सच्या आतला मेकॅनिकल भाग. कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी धरायचा, तो क्वचित जातो आणि त्याच्या नावावर लई खपवलं जातं. मेकॅनिकल म्हणजे प्लंजर काळपट थरानं जाम होणं, त्याच्या तोंडाची बारीक जाळी चुऱ्यानं भरणं, ओ-रिंग कडक होऊन तेल गळणं, किंवा सोलेनॉइड चांगलं पण तो ज्या व्हॉल्व्हला हलवतो त्याचं अॅल्युमिनियमचं भोक झिजणं. हे शेवटचं नवीन सोलेनॉइड टाकून जात नाय, त्याला ते भोक कापून मोठं करून (रीम करून) ओव्हरसाइज व्हॉल्व्ह टाकतात किंवा व्हॉल्व्ह बॉडी बदलतात. होंडाच्या बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिकमधे सोलेनॉइड केसच्या बाहेरच्या अंगाला असतात आणि गॅस्केटमधेच जाळी असते, तिथं चेंबर (खालचं तेलाचं भांडं) न काढता जाळी बघता येते, तेवढं सुख बाकीच्यांना नाय.

सोलेनॉइड हातात आलं की टेबलवर तपासा. चालू-बंद असेल तर १२ व्होल्ट दिले की टक आवाज आला पाहिजे, आणि तेवढ्यावर खूश व्हायचं नाय, हलकी हवा मारून बघायचं की बंद असताना पूर्ण अडवतंय आणि चालू झाल्यावर पूर्ण सोडतंय का, काहींचं उलटं असतं ते मॅन्युअलमधे बघा. लिनिअरला थेट बॅटरी लावू नका, कमी ओहममुळं करंट जास्त जाऊन कॉइल जळते. त्याच्या लाईनमधे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब सिरीजला घाला आणि मग लावा, टोयोटाचं मॅन्युअलही असंच सांगतं. गरम टेस्ट टेबलवरही होते, मीटर लावून ठेवायचा, हीट गननं हळूहळू नव्वदीपर्यंत न्यायचं, आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच टकटक करायचं. आकडा उडाला की सापडला चोर.

धुवून परत टाकावं का असं विचारतात. चालू-बंदवालं धुवून चालतं कधीकधी. लिनिअर मी धुवून टाकत नाय, कारण ते परत अडकलं तर तेल, गॅस्केट, मजुरी सगळं परत. आणि अनोळखी कंपनीचा स्वस्त सेट टाकण्यापेक्षा एकच ओरिजिनल टाकलेलं बरं, अर्थात गाडी लई पळालेली असेल आणि चेंबर उघडलाच असेल तर सगळी बदलण्यात शहाणपण आहे, मजुरी तीच.

चेंबर काढला की तेल सांगतं पुढं काय करायचं ते. लाल किंवा तपकिरी, वास नाय, मॅग्नेटवर करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर नॉर्मल झीज. काळं तेल, जळका वास, तळाला काळी कणी म्हणजे प्लेटांचं अस्तर आलंय, आता सोलेनॉइड टाकून पैसे घालवू नका. चकचकीत किसाचे तुकडे असतील तर आतलं धातूचं काहीतरी खाल्लंय. आणि गुलाबी दुधासारखं तेल दिसलं तर पाणी किंवा कूलंट शिरलंय, ते एकतर रेडिएटरमधल्या कूलरच्या गळतीनं किंवा पुरानं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीत कितीतरी गाड्या पाण्यात होत्या, त्यातल्या काही धुवून पुसून बाजारात आल्या. पाणी ब्रीदरमधनं (हवा जायच्या नळीतनं) गिअरबॉक्समधे जातं, प्लेटांचा गोंद सुटतो, कॉइलच्या पिना गंजतात, आणि हे सगळं वर्ष-दोन वर्षांनी वर येतं. तुम्ही गाडी सेकंडहँड घेतली असेल तर सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या शेवटी चिखलाची रेघ आहे का ते बघून घ्या.

बसवताना तीन-चार गोष्टी लोक विसरतात. व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर आकृती काढून त्यात टोचून ठेवा. मॅन्युअल व्हॉल्व्हची (गिअर लिव्हरनं हलणाऱ्या व्हॉल्व्हची) खुंटी गिअर लिव्हरच्या खाचेत बसलीय ना ते बघा, नायतर सगळं आवळल्यावर कळतं की गाडी पार्किंगमधनं निघतच नाय. बोल्ट टॉर्क पान्यानं, साधारण १० ते ११ न्यूटन मीटर असतात, म्हणजे फार थोडा जोर, हाताच्या अंदाजानं आवळलं की व्हॉल्व्ह बॉडी पिळवटते आणि नवीनच व्हॉल्व्ह जाम होतो. ओ-रिंगला गिअरबॉक्सचंच तेल किंवा व्हॅसलीन लावा, ग्रीस नाय. आणि पुसायला सुती चिंधी नको, तिचा एक धागा सोलेनॉइडच्या जाळीत गेला की काम परत.

तेल त्या गाडीचंच. टोयोटाला डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या ६ गिअरला एसपी-४, होंडाच्या ऑटोमॅटिकला डीडब्ल्यू-१, असं मॅन्युअलमधे जे लिहिलंय ते. "सगळ्याला चालतं" असं सांगणारं तेल सगळ्याला चालतंच असं नाय. चेंबरमधनं निम्म्याहून कमीच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमधे राहतं, म्हणून थोडं चालवून परत एकदा काढून भरायचं. लेव्हल बघायची इंजिन चालू ठेवून, गाडी चारी बाजूंनी सपाट, आणि तेल ठराविक टेंपरेचरला. डिपस्टिक नसलेल्या टोयोटात ३५ ते ४५ डिग्रीला चेक प्लग काढून बारीक धार थेंबावर आली की बरोबर, दुसऱ्यांचे आकडे वेगळे आहेत. गरम तेलावर लेव्हल केली तर तेल कमी पडतं, आणि कमी तेलानं परत तेच झटके, मग नवीन सोलेनॉइडला शिव्या.

शेवटी स्कॅनरनं कॉम्प्युटरनं शिकून ठेवलेलं जुनं लर्निंग पुसायचं आणि नवीन शिकवायचं. झिजलेल्या सोलेनॉइडला सांभाळून घ्यायला कॉम्प्युटरनं आकडे बदललेले असतात, ते तसेच राहिले तर नव्या सोलेनॉइडवरही गाडी आदळते. काही टोयोटात आणि फोर्डच्या ६ गिअरमधे नवीन पार्टाबरोबर कोड येतो तो कॉम्प्युटरमधे भरायला लागतो, ते स्टिकर फेकू नका. लर्निंगनंतर तेल गरम झाल्यावर हलक्या पायानं सगळे गिअर वर-खाली होतील अशी गाडी चालवायची, पहिल्या दिवशी थोडे झटके बसले तर घाबरायचं नाय.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकचं आहे. एएमटी असेल तर विषय पूर्ण वेगळा, तिथं साधाच गिअरबॉक्स असतो आणि वरचा अॅक्च्युएटर क्लच दाबतो आणि गिअर टाकतो. सीव्हीटी (गिअरऐवजी बेल्ट आणि पुलीवर चालणारी) असेल आणि घसरत असेल तर चालवूच नका, बेल्ट आणि पुली एकमेकाला खातात. तुमची गाडी लिंप मोडला असताना सपाट रस्त्यानं हळूहळू घरी नेता येते, पण तशी रोज चालवू नका.

तुमच्यापुरतं मला वाटतं बी सोलेनॉइडची कॉइल गरम झाल्यावर ओपन होतीय किंवा कपलरमधे गडबड आहे, आणि पी०७३३ तिच्यामागनं आलाय, कारण थंड असताना तिसरा तुम्हाला न घसरता मिळतोय. ज्याच्याकडं काम द्याल त्याला प्लगवरचे थंड आणि गरम दोन्ही ओहम कागदावर लिहून मागा, कपलर उघडल्यावर फोटो काढा, आणि चेंबर उघडताना तिथं हजर राहा. जुनं सोलेनॉइड परत घ्या, टेबलवर गरम करून बघता येईल.